शर्यतीच्या मोटारसायकलचे वजन

तळेगाव दशासरच्या शंकरपटाला जो एकदा जाऊन आला आहे, त्याला आमचा विषय अर्धा समजलेलाच आहे. पटाच्या दिवशी कापसाची बंडी घेऊन कोणी धावपट्टीवर येत नाही. तेथे येतो तो छकडा. दोन चाके, कणा, धुरा आणि धुरकऱ्याला बूड टेकण्यापुरती जागा, एवढाच त्याचा संसार. धुरकरीदेखील अंगाने हलका आणि हाताने पक्का असाच शोधतात. बैल तेच, माती तीच. मागचे ओझे तेवढे घटवायचे, की जोडी निघताक्षणी झेपावते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ह्या शर्यती बंद पडल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्या वादाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. आम्हांला छकड्यापुरतेच कर्तव्य आहे.

मोटारसायकलच्या शर्यतीत बैलांच्या जागी इंजिन आले, इतकेच. हलके ते वेगवान, हे सूत्र मात्र तेथे इतके सरळ राहत नाही. आणि ते सरळ आहे असे समजून हाती ड्रिल घेणारी पोरे आम्ही अमरावतीतही पाहिली आहेत आणि अकोल्यातही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना ह्या टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर लांबीचा एकेरी पट्टा डांबराचा अंथरला गेला आणि त्याची गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. दोन्ही गावांना अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. परंतु असा तुळतुळीत रस्ता दिसला की अठरा वर्षांच्या मुलाच्या मनगटाला काय होते, हे ज्यांच्या घरी अठरा वर्षांचा मुलगा आहे त्यांना आम्ही सांगायला नको.

आमच्या ओळखीचा असाच एक तरुण काही वर्षांपूर्वी आपली जुनी आर.एक्स. १०० घेऊन आमच्या दारात उभा राहिला. गाडी ओळखू येत नव्हती. पुढचे-मागचे मडगार्ड गेलेले, दिवा गेलेला, बॅटरीचा पत्ता नाही, मुख्य स्टँड कापलेला, सायलेन्सरच्या जागी एक पातळ नळकांडे. शिवाय जेथे जेथे लोखंडाची पट्टी दिसली तेथे तेथे त्याने भोके पाडली होती. चाळणीच म्हणा ना. "काका, किती किलो कमी झाले असेल?" हा त्याचा प्रश्न. आम्ही त्याला एका ओळखीच्या अडत्याकडे नेले. धान्याच्या काट्यावर आधी पुढचे चाक ठेवले, मागचे तेवढ्याच उंचीच्या लाकडावर, मग उलट. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे गाडीचे वजन. ह्या रीतीने मोजण्याचा फायदा असा, की एकूण वजनाबरोबर ते पुढे किती आणि मागे किती हेही कळते. बेरीज आली ९१ किलो. मूळ गाडी १०३ च्या आसपास. म्हणजे बारा किलो गेले होते आणि पोराला आकाश ठेंगणे झाले होते.

आता हिशेब करू. तो म्हणत होता, शंभरातले बारा गेले, म्हणजे गाडी बारा टक्क्यांनी चपळ झाली. पण इंजिनाला नुसती गाडी ओढायची नसते, स्वारही ओढायचा असतो. तो अठ्ठावन्न किलोचा. १०३ अधिक ५८ म्हणजे १६१. आता राहिले १४९. इंजिनाचा जोर तोच असेल तर निघतानाची गती वाढण्याचा दर सुमारे आठ टक्क्यांनी सुधारला. ज्या वेगाला पोचायला पूर्वी आठ सेकंद लागत, तेथे आता सुमारे सात सेकंद आणि वर चार दशांश. शर्यतीत अर्धा सेकंद ही फार मोठी दौलत आहे, ह्यात शंका नाही. पण हाच स्वार जर सत्तर किलोचा असता, तर एवढी कापाकापी करून अठ्ठावन्न किलोच्या स्पर्धकाशी जेमतेम बरोबरी झाली असती. गाडीपेक्षा स्वाराचे वजन घटवणे स्वस्त पडते, हे सत्य गॅरेजात कोणी सांगत नाही, कारण त्यात गॅरेजवाल्याला काही मिळत नाही.

त्याचा दुसरा समज असा, की गाडीचा कमाल वेगही वाढला. हा समज फार रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. सपाट रस्त्यावर गाडी भरवेगात असते तेव्हा इंजिनाची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो विरोध मोडून काढायला लागणारी शक्ती आठपट होते. ह्या हिशेबात वजन जवळजवळ कुठेच येत नाही. चाकांच्या घर्षणात थोडा फरक पडतो, तो नगण्य. टाकीवर छाती टेकून कोपरे आत घेणारा स्वार जे साधतो ते बारा किलो लोखंड कापून साधत नाही. उलट दिवा काढल्यामुळे उघड्या पडलेल्या तारा आणि पट्ट्या वाऱ्याला अधिकच अडवतात.

मग घाटात तरी उपयोग होतो की नाही? परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना आपण सुमारे सातशे मीटर उंची गाठतो. दहा किलो जादा ओझे सातशे मीटर वर न्यायला लागणारे काम होते अदमासे एकोणसत्तर हजार ज्यूल. आकडा भयंकर वाटतो. परंतु एक लिटर पेट्रोलात सव्वातीन कोटी ज्यूलच्या घरात ऊर्जा असते. इंजिन त्यातली पाऊण वाया घालवते असे धरले तरी हे दहा किलो चिखलदऱ्याला पोचवायला दोन चहाचे चमचे पेट्रोल पुरते. संबंध घाटात दोन चमचे! तेव्हा इंधनाची बचत म्हणून गाडी हलकी करणाऱ्याने हवा भरून घ्यावी आणि चेनला वंगण द्यावे, ते बरे.

वजनाची खरी किंमत सरळ चालण्यात नाहीच. ती आहे निघण्यात, थांबण्यात आणि वळण्यात. शिवाय सगळे किलो सारखे नसतात. टाकीतला किलो, आसनाखालचा किलो आणि चाकाच्या रिमवरचा किलो ह्यांची योग्यता निरनिराळी आहे.

रिमचे घ्या. गाडी पुढे जाते तेव्हा रिम गाडीबरोबर पुढे तर जातेच, शिवाय स्वतःभोवती फिरतेही. तिच्या कडेवरचा प्रत्येक कण गाडीच्याच वेगाने फिरत असतो. म्हणून तिला वेग देताना इंजिनाला दोनदा मोल द्यावे लागते, एकदा पुढे नेण्याचे आणि एकदा फिरवण्याचे. कडेवरचा एक किलो कमी झाला तर निघण्याच्या हिशेबात तो चेसिसवरच्या दोन किलोंइतका मोलाचा. पोलादी रिमऐवजी ॲल्युमिनियमची रिम शर्यतवाले आधी का बसवतात, ह्याचे उत्तर इथे आहे. आणि टायर-ट्यूबही कडेवरच असतात, हे लोक विसरतात.

चाकाचे दुसरेही एक मर्म आहे. चाक, टायर, ब्रेक आणि शॉकअपचा खालचा भाग एवढे सामान स्प्रिंगच्या खाली असते. बाकी सारी गाडी आणि स्वार स्प्रिंगच्या वर. खड्डा आला की खालचे सामान वर उडते आणि स्प्रिंगने ते पुन्हा जमिनीला लावायचे असते. ते जड असेल तर स्प्रिंगला वेळ लागतो, आणि जेवढा वेळ टायर जमिनीला टेकलेला नाही तेवढा वेळ ब्रेकही नाही आणि वळणही नाही. नव्या डांबरावर हे जाणवणार नाही. गावातल्या रस्त्यावर मात्र स्प्रिंगखालचा एक किलो वरच्या चार किलोंपेक्षा जास्त त्रास देतो, असे आमचे मत आहे. मोजमापाने सिद्ध केलेले नव्हे, मणक्याने.

इंजिनाच्या आतले फ्लायव्हील, ज्याला आपले मेकॅनिक लोक मॅग्नेट म्हणतात, ते लेथवर उतरवून हलके करण्याचीही चाल आहे. त्याने इंजिन झटकन फिरू लागते हे खरे. पण फ्लायव्हील म्हणजे इंजिनाची शिल्लक. एका स्फोटात मिळालेला जोर ते साठवते आणि दुसऱ्या स्फोटापर्यंत पुरवते. शिल्लक घटवली की हळू चालताना गाडी आचके देते, क्लच सोडताना बंद पडते. बुलेटचे मोठे फ्लायव्हील शर्यतीत लोढणे ठरेल, पण जुलै महिन्यात शेताच्या वाटेवर तेच तुम्हांला घरी आणते.

जुलैचा विषय निघालाच आहे तर आमच्या काळ्या मातीचा एक गुण सांगितला पाहिजे. पहिल्या दोन पावसांनंतर ती चाकाला अशी बिलगते की मडगार्ड आणि टायर ह्यांच्यामधली फट भरून जाते आणि चाकच थांबते. म्हणून शेतकरी पुढचे मडगार्ड काढून ठेवतो किंवा उंच बांधतो. त्यात वजनाचा विचार नसतो. चाक फिरते राहावे एवढाच हेतू. विशेष म्हणजे खडकाळ, चिखलाच्या शर्यतींसाठी बनवलेल्या गाड्यांचेही पुढचे मडगार्ड ह्याच कारणाने चाकापासून वीतभर उंच असते. आपला शेतकरी आणि त्यांचा इंजिनिअर एकाच उत्तराशी पोचले.

आता भोकांची गोष्ट. कापडवाला कापड फाडताना काय करतो, ते आठवा. कात्रीने काठाला एक बारीकशी चीर देतो आणि मग हाताने टर्रकन फाडतो. चीर नसेल तर तेच कापड दोघांनी ओढून फाटत नाही. धातूचेही तसेच आहे. रुंद पट्टीत गोल भोक पाडून ती ओढली तर भोकाच्या कडेला पडणारा ताण इतर ठिकाणच्या तिप्पट होतो. एकदाच ओढली तर पोलाद ते सहन करील. पण मोटारसायकलच्या पट्टीला हजारो वेळा हिसके बसतात, आणि अशा हिसक्यांनी धातू थकतो. भोकाच्या कडेला केसासारखी तडा जाते, ती रोज थोडी पुढे सरकते, आणि वरून काही दिसत नाही. १९५४ साली कॉमेट जातीची दोन जेट विमाने आकाशात फुटली. चौकशीत कारण निघाले ते हेच. विमानाच्या पत्र्यात ठेवलेल्या उघडीपाशी ताण एकवटला आणि धातू थकून गेला. पोलादाला निदान एक मर्यादा असते, तिच्याखालचे हिसके ते वर्षानुवर्षे सोसते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही; त्याचे आयुष्य पहिल्या दिवसापासून मोजले जात असते.

आमच्या तरुणाने ज्या पट्ट्या चाळणीसारख्या केल्या होत्या त्यांत एक पट्टी मागच्या ब्रेकची होती. ड्रम ब्रेकमध्ये पॅड ज्या थाळीवर बसवलेले असतात ती थाळी ब्रेक दाबताच चाकाबरोबर फिरू पाहते. तिला फिरू न देणे एवढेच ह्या पट्टीचे काम. पट्टी तळहाताएवढ्या वजनाची, पण थांबण्याचा सगळा जोर तिच्यावर. तिला पाच भोके पाडून त्याने किती ग्रॅम वाचवले असतील? आम्ही ते पाहिले आणि आम्ही बोललो नाही. बारा किलोंच्या आनंदात त्याला भोकांवरून बोलणे आम्हांला जिवावर आले. उद्या सांगू म्हटले. तीन आठवड्यांनी बडनेऱ्याच्या बाजूला ती पट्टी तुटली. थाळी फिरली, तिने ब्रेकची सळई गुंडाळून घेतली आणि मागचे चाक जागच्या जागी जखडले. मागून ट्रक नव्हता, म्हणून गळ्याच्या हाडावर निभावले. दवाखान्यात त्याच्या आईने आम्हांला विचारले, "तुम्ही तर पाहिली होती ना गाडी?" त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

ब्रेकच्या बाबतीत हलकेपणा कसा उलटतो ते आकड्यांनी पाहा. स्वारासह १६० किलोची गाडी ताशी ९० किलोमीटरने धावत असता तिच्यात पन्नास हजार ज्यूल ऊर्जा असते. गाडी थांबली म्हणजे ही ऊर्जा नाहीशी होत नाही, ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. सगळी एकाच एक किलोच्या पोलादी डिस्कमध्ये उतरली तर डिस्क शंभर अंशांनी तापेल. डिस्क घासून अर्ध्या किलोची केली तर तीच दोनशे अंशांनी तापेल. शर्यतीत एका फेरीत दहा वेळा ब्रेक लागतो. मधल्या वेळात ती निवायलाही हवी. म्हणजे ब्रेकचे लोखंड हे नुसते ओझे नव्हे, ते उष्णतेचे भांडे आहे.

मग थोरामोठ्यांनी गाड्या हलक्या केल्या त्या कशा? ह्याचे नमुनेदार उदाहरण इटलीतील मोटो गुझ्झीचे. तेथे ज्युलिओ कार्कानो नावाचा अभियंता होता. १९५० च्या दशकात प्रतिस्पर्धी चार-चार सिलिंडरची इंजिने पळवीत असता ह्या गृहस्थाने ३५० सी.सी. च्या वर्गात एकच आडवा सिलिंडर धरून ठेवला आणि बाकीची गाडी हलकी करीत नेली. १९५७ ची गाडी सुमारे ९८ किलोंवर आली. आमच्या तरुणाने कापून-छाटून जेथे पोचवली, त्याच्या जरा पुढे. पण इंजिन साडेतीनपट मोठे. १९५३ ते १९५७ अशी ओळीने पाच वर्षे त्या वर्गाचे जगज्जेतेपद गुझ्झीच्या स्वारांनी मिळवले. कार्कानोने पट्ट्यांना भोके पाडून हे साधले नाही. आधी गाडीला काय काय लागतच नाही ते ठरवले, आणि उरलेला प्रत्येक भाग पुन्हा नव्याने आखला. हलकेपणा काढून मिळवायचा नसतो, आखून मिळवायचा असतो, हा भेद आहे. दहा वर्षांत जपानी लोकांनी उलट टोक गाठले. होंडाच्या २५० सी.सी. च्या गाडीत सहा सिलिंडर होते, मिनिटाला अठरा हजार फेरे, आणि तरीही वजन सुमारे ११२ किलो. माइक हेलवूडने तिच्यावर १९६६ आणि १९६७ ची जेतेपदे मिळवली.

आखण्याचे तत्त्व आपल्या शेतात उभे आहे. पऱ्हाटी भरीव असते, बांबू पोकळ. सारख्याच वजनाची दोन्ही घेतली तर बांबू कितीतरी कमी वाकतो, कारण त्याचे द्रव्य मध्यापासून दूर, कडेला आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या एक-तृतीयांश वजनाचे, पण ताठपणाही एक-तृतीयांशच. पोलादी नळी काढून त्याच मापाची ॲल्युमिनियमची घातली तर गाडी हलकी होईल आणि वळणात सापासारखी वळवळेल. नळी जाड व्यासाची केली तरच नफा. बोल्टाला व्यास वाढवायची सोय नसते, म्हणून ब्रेकचा आणि चाकाच्या कण्याचा बोल्ट पोलादीच ठेवावा. मॅग्नेशियम आणखी हलके, टायटॅनियम बळकट पण महाग. ही दोन्ही आपल्या गल्लीतल्या लेथवरची कामे नव्हेत.

आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातली एक जुनी धावपट्टी होती. तेथे १९५० च्या दशकापासून कित्येक वर्षे शर्यती भरत. पुढे १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा पक्का मार्ग झाला. ह्या मैदानांवर आर.एक्स. १०० आणि १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५० ह्यांनी नाव काढले त्याचे एक कारण टू-स्ट्रोक इंजिन. त्याला व्हॉल्व्ह नाहीत, ते हलवणारी यंत्रणा नाही, आणि प्रत्येक फेऱ्याला स्फोट. म्हणजे सामान कमी आणि जोर अधिक. ती गाडी जन्मतःच हलकी होती. धूर मात्र फार करी, आणि त्यामुळेच ती रस्त्यावरून गेली.

शर्यतीच्या नियमांत हल्ली कमीत कमी वजन ठरवून दिलेले असते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाला मोटोजीपीची शर्यत झाली. त्या वर्गात गाडी १५७ किलोंखाली असून चालत नाही. सर्वांत लहान, मोटो-३ च्या वर्गात गाडी आणि स्वार मिळून १५२ किलो भरावे लागतात. स्वार फारच हलका असेल तर गाडीला वजन बांधतात. मर्यादा नसेल तर चढाओढीत कोणीतरी ब्रेकच्या पट्टीपर्यंत पोचणारच.

आणि रस्त्यावर? मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याने दिलेल्या रचनेत असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच सांगितले. आरसे, दिवे, मडगार्ड ही रस्त्यावर ओझी नव्हेत. ज्याला मैदानातच पळवायची आहे, त्याने आधी टाकी पाहावी. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या जवळपास भरते. दहा लिटरची टाकी भरून नेणारा दोन लिटरांच्या शर्यतीत सहा किलो फुकट वाहतो. मग स्टँड, मागचे आसन, दिवे, बॅटरी. मग सायलेन्सर, पण कर्णकर्कश नळी नव्हे, इंजिनाला जुळणारी. मग रिमा. स्विंग-आर्म, कणा, हँडल आणि ब्रेक ह्यांच्या वाटेला जाऊच नये.

एका गृहस्थांनी आम्हांला विजेच्या गाड्यांबद्दल विचारले होते. २०२३ साली डुकातीने शर्यतीसाठी जी विजेची गाडी उतरवली तिचे वजन २२५ किलो होते. त्यातील ११० किलो नुसती बॅटरी, आणि तिच्यात साठवण १८ युनिटांची. तेवढी ऊर्जा दीड किलो पेट्रोलात असते. बॅटरीची मोटर त्या ऊर्जेचा वापर तिप्पट चांगला करते हे धरूनही अंतर फार मोठे राहते. कार्कानोची संबंध गाडी ह्या एका बॅटरीपेक्षा बारा किलोंनी हलकी होती.

तो तरुण आता अकोल्यात स्वतःचे गॅरेज चालवतो. आर.एक्स. अजून त्याच्याकडे आहे. गेल्या वर्षी पुन्हा काट्यावर घातली, तर ९६ किलो भरली. ब्रेकची पट्टी नवी आहे, आणि जुनी, पाचव्या भोकापाशी तुटलेली, त्याने पान्यांच्या फळीवर खिळ्याला टांगून ठेवली आहे. ड्रिल मागायला येणाऱ्या पोराच्या हातात तो आधी ती देतो.